राखणदाराचा नारळ

लालबागचे तिघे मित्र जैसलमेरजवळच्या वाळवंटात सायकली घेऊन गेले आणि खडकाळ उतारावर हितेंद्र कोसळला. पाय मोडला, तिघांचा पाण्याचा कॅन फुटला. दुपारपर्यंत तहानेनं त्याची वाचाच बसली. पाणी उरलं फक्त लवूच्या सॅकमधल्या नारळात. सहल सुखरूप संपली की कोकणातल्या गावच्या राखणदार देवाला फोडायचा, म्हणून आईनं बांधून दिलेला. “नारळ काढ,” सुशांत म्हणाला. लवूनं सॅक घट्ट धरली. “देवाचा आहे रे तो! आत्ता फोडलास तर कोणी घरी पोचणार नाही.” सुशांतनं सायकलचा पंप लवूच्या तोंडावर हाणला. दात वाळूत पडले. तरी लवूच्या हातून सॅक सुटेना, तेव्हा सुशांतनं त्याची बोटं ठेचली. नारळ दगडावर फुटला, पाणी हितेंद्रच्या घशात उतरलं. लवू रक्त थुंकत गाऱ्हाणं घालू लागला, “ज्या हातान तुझो नारळ फोडलो, तो हात झडांदे रे म्हाराजा!” गावच्या गाऱ्हाण्याला सगळ्यांबरोबर होकार द्यायच्या लहानपणापासूनच्या सवयीनं हितेंद्रला वाचा फुटली: “व्हय म्हाराजा!”