सिंगल्सची रॅकेट

बॅडमिंटनला जायचं म्हटलं की हल्ली सृष्टीच्या पोटात दुखायचं. नव्या रॅकेटने पोरीला हुरूप येईल, म्हणून सुदर्शन तिला विश्रांतवाडीतल्या दुकानात घेऊन आला. सिंगल्सला साजेशी, स्मॅशला जोर देणारी रॅकेट त्याने निवडली. तेरा वर्षांच्या सृष्टीने ती हातातही घेतली नाही.

"बाबा, मला डबल्सच खेळायचंय."

सुदर्शन वैतागला. "अगं, सर स्वतः म्हणाले, तू सिंगल्सचीच खेळाडू आहेस. बाकीच्या मुली गेल्यावर तुला वेगळं शिकवणार आहेत ते. एवढं कोण करतं आजकाल?"

दुकानदाराने तारा किती ताणायच्या ते विचारलं. सुदर्शन सांगणार, तेवढ्यात सृष्टीने त्याची बाही घट्ट धरली.



"डबल्सला सरांबरोबर एकटीला थांबावं लागत नाही, बाबा."