सोमवारपासून बंद

"शेताच्या धुऱ्या-बांधावरचं गवत जाळू नका, झाडं होरपळतात, उन्हाळा आणखी भडकतो," असं कॉलेजात शिकणारी प्रतीक्षा घरोघर सांगत फिरली. शेवटी ग्रामसभेत अख्ख्या गावानं हात वर केले: सोमवारपासून धुरे पेटवणं बंद! टाळ्या तर अशा, जणू गारवा सुटलाच.

रविवारी ती आखाडा बाळापूरहून गावी परतली, तर शिवारभर धूर. ज्यांनी जन्मात धुरा पेटवला नव्हता, तेही लग्नघाई असल्यासारखे काडेपेट्या घेऊन पळत होते. तिच्या बापाच्या धुऱ्यावरचा कडुलिंब तर शेंड्यापर्यंत करपला होता.

"बाबा, तुमी तर सगळ्यांच्या आधी हात वर केला होता!"

"मंग? उद्यापासून बंद म्हणल्यावर आजच उरकून घ्यावं लागंल का न्हाई, माय?"