दोन कार्ब्युरेटर

“हा नट आपोआप सैल होत नाही, ताई,” मेकॅनिक म्हणाला. “कुणी केल्याशिवाय नाही.”

ती गाडीच्या दुसऱ्या बाजूला रबरी नळी हातात घेऊन उभी होती. वडील जाऊन पाच आठवडे झाले होते. उद्या गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं, आणि गाडी या घरातून निदान सुरात जावी, एवढीच तिची इच्छा होती. हे काम तिला येत होतं. पण नळी कानाला लावली की डोळे भरून यायचे आणि ऐकू काहीच यायचं नाही. म्हणून तिने वडिलांच्या जुन्या ओळखीच्या या माणसाला बोलावलं होतं. वडील त्याला डॉक्टर म्हणायचे.

गाडी ब्रिटिश, दोन जणांपुरती. इतकी बसकी, की दारावरून हात खाली सोडला तर बोटं रस्त्याला टेकतील. लांब नाकाखाली चार सिलिंडरचं इंजिन आणि त्याला शेजारी शेजारी दोन कार्ब्युरेटर. एक पुढच्या दोन सिलिंडरना श्वास पुरवायचा, दुसरा मागच्या दोघांना. दोघांनी सारखी हवा ओढली तर ही साठ वर्षांची म्हातारी घाटात नव्याकोऱ्या गाड्यांना मागे टाकायची. एकाने जराशी जास्त ओढली, की लागलीच आचके. हवा सारखी आहे का ते बघायची वडिलांची रीत साधी होती. नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. आधी एकाची फुसफुस ऐकायची, मग दुसऱ्याची. दोन्ही एका पट्टीत आल्या, की मधल्या दांडीवरचा नट आवळायचा.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती नळी तिच्या हातात दिली. “माझा कान गेला गं. हा बारीक आवाज आता लागत नाही मला. तू ऐक, मी स्क्रू फिरवतो.” आयुष्यभर कारखान्यात इंजिनं तपासलेला माणूस हे सांगत होता. तिला कसंसंच झालं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसने तिला खाडीवरच्या पुलाचं काम देऊ केलं होतं. मुख्य डिझायनर, तीन वर्षं, दूरच्या शहरात. अशा एका पुलासाठी ती पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांवर मान मोडून बसली होती. तिने नकार कळवला. घरी त्यातलं अक्षरही सांगितलं नाही; सांगितलं असतं तर वडिलांनीच तिची बॅग भरली असती. पूल दुसऱ्याने बांधला. ती दर रविवारी सकाळी बॉनेटखाली वाकत राहिली. आणि दर रविवारी गाडी बिघडलेलीच असायची.

“हादऱ्याने सरकतो तो,” ती आता म्हणाली. हे वाक्य वडिलांचं होतं.

“छे. वर्षातून एकदा हात लावला तरी पुष्कळ.” मेकॅनिकने टॉर्च धरला. “कडा बघा. पार गोल झाल्यात. ह्याला दर आठवड्याला पाना लागलाय.”

वडील गेले ते एका शनिवारी दुपारी, याच गॅरेजच्या दारात, खुर्चीत बसल्या बसल्या. सदऱ्याच्या खिशात एक छोटा पाना सापडला होता. तिने तो पुसून आपल्या टेबलावर ठेवला होता. हल्ली काम करताना ती मधूनच त्याला हात लावायची.

“पण त्यांना ऐकू येत नव्हतं,” ती म्हणाली.

“साहेबांना?” मेकॅनिक हसला. “अहो, गेल्या उन्हाळ्यात फोनवर बोलता बोलता म्हणाले, डॉक्टर, तुझ्या कॉम्प्रेसरची हवा गळतेय. गेलो, बघितलं, तर गळत होती. मला नुसतं डॉक्टर म्हणायचे. पेशंटला आजारी पाडायचं काम त्यांचं.”

एवढं बोलून त्याने जीभ चावली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

तिने नळी बाकावर ठेवली. मग ती नीट गुंडाळली, आणि पुन्हा ठेवली. केसाने गळा कापणं हा शब्दप्रयोग तिने शंभर पुस्तकांत वाचला होता. त्याला रक्त येत नाही, हे आज कळलं. ते सरळ ‘थांब’ म्हणाले असते, तरी ती थांबली असती. एका शब्दाचं काम होतं. त्याऐवजी शनिवारी नट सैल करायचा, आणि रविवारी शेजारी उभं राहून विचारायचं, “लागतोय का गं आवाज?”

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मला इथे अडकवून ठेवायचं, म्हणून तुम्ही दोघं मिळून—”

“अडकवून?” मेकॅनिक हात पुसायचा थांबला. “ताई, ते तर चार वर्षांपूर्वीच गाडी विकायला निघाले होते. गुडघे वाकत नव्हते. त्या खोल सीटवरून उठताना जीव जायचा त्यांचा. गिऱ्हाईक मीच आणलं होतं. ऐन वेळी नाही म्हणाले.”

“का?”

तो पुन्हा इंजिनावर वाकला. नट जागेवर येईपर्यंत त्याने वर बघितलं नाही.

“म्हणाले, ‘पोरीला ना संसार, ना कुणी मैत्रीण. गाडी गेली, तर रविवारी ती बिचारी जाणार कुठे?’”