उघड्या टपाची गाडी

एक लिंबू, सालीवर नखाची खूण.

कागदी पिशव्या, घडी घालून पर्समध्ये.

“टप काय, मागाहून पाठवणार आहेत का हो?” खालच्या मजल्यावरचे काका.

डोंगरावरच्या घरात उशीवर गुडघा ठेवून बसलेली मोठी बहीण.

पिवळा रंग.

रविवार, सकाळ, वसंत.

आता हे सगळं एकाच रस्त्यावर आणायचं. गाडी पिवळी आहे, नुकतीच घेतलेली आहे आणि चष्मेवाला ती चालवतो आहे. त्याचं चष्म्यांचं दुकान आज बंद. शेजारी बायको. ती सकाळच्या पाळीला औषधांच्या दुकानात उभी असते आणि प्रवासात मळमळणाऱ्यांना गोळ्या देते. तिला स्वतःला त्यातली एकही लागू पडत नाही.

“कुणाला भूक लागते, कुणाला थंडी लागते,” चष्मेवाला गिऱ्हाइकांना सांगतो, “आमच्या हिला गाडी लागते.”

त्याचं म्हणणं, दोष हिचा नाहीच, टपाचा आहे. बंद गाडीत वास कोंडतो. मोकळा वारा लागला की काय बिशाद आहे मळमळण्याची! म्हणून टप मागे दुमडता येईल अशी गाडी त्याने शोधून शोधून आणली. हिच्या ताईला आता डोंगर उतरवत नाही. मग हिनेच चढायला हवं.

सपाटीवर त्याचं म्हणणं पटतं. कोवळी पानं इतकी नवी, की अजून पुरती हिरवीही झालेली नाहीत. कसल्याशा फुलांचा वास येतो, जातो, पुढच्या कुंपणापाशी पुन्हा येतो. तिच्या मांडीवर पाकळ्या पडतात. सायकलवाले हात हलवतात, चष्मेवाला राजासारखा मान डोलावतो. ती ओढणी सोडून देते, ती मागे फडफडत राहते.

“मजा येतेय ना?”

“काय?”

“मजा!”

“काय म्हणताय ते वाऱ्यात ऐकू येत नाही, पण हो!”

शनिवारी तळ्याभोवती चक्कर, रविवारी डोंगर, असं ठरूनच गेलं आहे. तळं दर वेळी होतं. डोंगर होत नाही. दगडी पूल ओलांडला की रस्ता वळू लागतो आणि पहिल्याच वळणावर तिचा हात वर होतो.

आजही झाला.

गाडी कडेला. ती कठड्याला टेकून उभी, डोळे मिटून, लिंबू नाकाशी. चष्मेवाला बॉनेटवर बसला. वर, डोंगराच्या खांद्यावर, ताईच्या गावाची छपरं दिसत होती. तेवढ्यात ताईचाच फोन आला.

“कुठवर आलात?”

“पुलापाशी,” तो म्हणाला.

“म्हणजे नेहमीच्याच ठिकाणी. तिथेच घर बांधा आता. मी खिडकीतून बघत जाईन.”

फोन ठेवून तो बराच वेळ पिवळ्या पत्र्यावरची धूळ बोटाने पुसत राहिला.

“विकून टाकू,” तो म्हणाला. “उगाच खूळ माझं. हा वाराही कुचकामी निघाला.”

तिने डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं. खिशातला रुमाल काढून तो आता आरसा पुसत होता, विकायच्या गाडीचा.

“उठा,” ती म्हणाली. “त्या बाजूला बसा.”

“अगं, तुला कुठे येते?”

“इतके दिवस शेजारी बसून बघतेय ते काय उगाच?”

तिने सीट पुढे घेतली. आरसा आपल्यापुरता वळवला. पट्टा लावला. मागे बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं, आणि गाडी रस्त्यावर आणली. चष्मेवाल्याच्या ओठांवर एक प्रश्न होता, पण तो विचारायला सवड मिळाली नाही. वळण आलं.

आणि गेलं.

“अगं!” तो ओरडला. “अगं, गेलं वळण!”

“दिसलं.”

“मळमळतंय?”

“नाही.”

दुसरं आलं. तेही गेलं. त्याने टाळी वाजवली. त्यापुढच्या वळणावर टाळी अर्धीच राहिली. त्यापुढच्यावर त्याने दोन्ही हातांनी दार धरलं.

“जरा हळू.”

“हळूच चालवतेय.”

“तरी हळू.”

तिने समोरची नजर न हलवता लिंबू त्याच्या हातात दिलं.

ताई काठी टेकत फाटकापर्यंत आली होती. पिवळी गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिने आधी बहिणीकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या चाकाकडे, मग पुन्हा बहिणीकडे, आणि काठी फाटकाला अडकवून दोन्ही हात मोकळे केले. धाकटी उतरून थेट तिच्या मिठीत शिरली. मग ताईला पलीकडे लिंबू धरून बसलेला माणूस दिसला.

“काय हो पाहुणे, चेहरा असा पिवळा का?”

“गाडीला शोभेलसा करून घेतला,” चष्मेवाला म्हणाला. उतरून तो क्षणभर दाराला धरून उभा राहिला, मग त्याने छाती फुगवली. “पण बघितलंत ना, ताई? वारा हवा होता नुसता. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.”

“खरंच गं?” ताईने विचारलं.

“हो ना,” ती म्हणाली. “वाऱ्यामुळेच.”

गेल्या हिवाळ्यात, औषधांच्या दुकानातली पाळी संपली की ती गाडी शिकायला जायची. शिकवणीच्या गाडीला पक्का टप होता आणि थंडीमुळे काचा वर असायच्या. तिला एकदाही मळमळलं नव्हतं.