पंचमीचा तवा

द्वारकामावशी बालगृहातल्या मुलींना नागपंचमीची मेंदी काढत होत्या. तिघी "नको" म्हणून कोपऱ्यात बसलेल्या. वैजूचा हात धरला, तशी ती कळवळली. तळव्यावर ताजा फोड होता.

"मघाशी तव्यावर भाजलंय," दारातून अधीक्षकबाई म्हणाल्या. "धांदरट मेली! हो की नाही गं?"

वैजूने मान डोलावली.

मावशींचा मेंदीचा कोन तसाच थांबला. नागोबाला चटका बसू नये म्हणून त्या पंचमीला तवा चढवतच नसत. आजही स्वयंपाक त्यांनीच केला होता, नुसती दिंडं उकडून.

बाई गेल्यावर त्यांनी देवाला हात जोडले आणि चाइल्डलाइनचा नंबर लावला.

"आमच्या पोरीला इथं चटके देतात हो. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, पण आजच्या आज या."

फोन ठेवून वळल्या, तर कोपऱ्यातल्या तिघी समोर उभ्या. त्यांनीही मुठी उघडल्या.