मेलेल्या राजाला वन्स मोअर

“बाबा, तिथे वन्स मोअर म्हणायचं नाही. इंग्रजी नाटक आहे ते,” स्कूटर सुरू करता करता शालिनीने सासऱ्यांना तिसऱ्यांदा बजावलं.

“बरं,” मागे बसत रमाकांत म्हणाले.

त्यांचं ‘बरं’ कितपत बरं असतं, हे शालिनीला अठरा वर्षांच्या संसारात पुरतं कळून चुकलं होतं. मांजलपूरहून अकोट्याच्या नाट्यगृहात पोचेपर्यंत तिच्या जिवाला घोर लागून राहिला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेल्या या माणसाने तरुणपणी गणपतीतलं एकही नाटक चुकवलं नव्हतं. पद रंगलं की पहिलं वन्स मोअर यांचं, आणि नट बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू. बडोद्याच्या जुन्या मराठी मंडळींची ही खोडच. यांच्यासमोर आरती रंगली तरी वन्स मोअर मिळेल, असं शालिनी माहेरी सांगायची.

पण आज थट्टेची वेळ नव्हती. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांचा शाळाशाळांमधला महोत्सव होता, आणि त्यातून एकाच मुलाला उन्हाळ्यात सहा आठवडे पुण्याला नाट्यशिक्षणासाठी नेणार होते. शालिनीचा दहावीतला उत्कर्ष राजा झाला होता. रिफायनरीत शिफ्टला निघताना त्याच्या बापाने, गजेंद्रने, एका वाक्यात निकाल लावला होता. “निवड झाली तर पुणे. नाही झाली तर सोमवारपासून सायन्सचे क्लास, नि मग नाटकाचं नाव काढायचं नाही.”

ज्या पोराने जन्मात साधी चप्पल हट्टाने मागितली नाही, ते पोर “चालेल” म्हणालं आणि पाठांतराला बसलं.

नियमांचा कागद शालिनीनेच घरात मोठ्याने वाचून दाखवला होता. बारा मिनिटं मिळणार. भाषा मूळचीच. राजाचं शेवटचं भाषण अख्खं झालं पाहिजे. कपडे ज्याचे त्याने आणायचे, दिवे महोत्सवाचे. मग दोन महिने रोज संध्याकाळी उत्कर्ष हॉलमध्ये मरायचा, आणि आजोबा हिंचक्यावर झुलत डोळे मिटून बसायचे. मधूनमधून घोरायचेसुद्धा.

नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत दीनानाथकाका आणि धनाजीराव, म्हणजे बाबांचे दोघे जुने सोबती, आधीच येऊन बसले होते. तेही वन्स मोअरवालेच.

“आव बेटा, बेस,” दीनानाथकाकांनी जागा करून दिली. “आपला राजा कितवा?”

“चौथा. आणि काका, प्लीज, शांत बसा हं.”

पडदा उघडला. शालिनीच्या शालूचा झगा घालून उत्कर्ष आला तेव्हा तिला आपला मुलगा ओळखूच येईना. तो लढला, छातीला हात लावून लडखडला, काहीतरी पुटपुटला आणि धाडकन पडला. राजकन्या झालेली सानवी विंगेतून धावतच आली, एका हाताने मुकुट सावरत, कंबरपट्टा अर्धा लोंबत. तरी बसली आणि गळा काढून रडली. सगळीकडे शांतता पसरली. शालिनीचे डोळे भरून आले.

“वन्स मोअर.”

बाबाच. दुसरं कोण असणार.

“वन्स मोअर,” दीनानाथकाकांनी री ओढली. धनाजीराव मागे कसले राहतात. पाठीमागून आणखी चार म्हाताऱ्यांनी आवाज मिसळला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं शालिनीला झालं. मरणाला कधी कोणी वन्स मोअर दिल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

मेलेल्या राजाने एक डोळा उघडला आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. रमाकांत उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात पुन्हा म्हणाले, “वन्स मोअर.”

राजा उठला. सानवीचं रडणं मध्येच अडकलं. नाट्यगृह खदखदून हसलं. राजाने हात वर केला तसं हसू थांबलं, आणि तो जखम झाल्यापासून पुन्हा मरू लागला. सावकाश, एकेक शब्द तोलत. ती जुनी इंग्रजी शालिनीला कळत नव्हती, पण पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. पडदा पडला आणि मगच वेळेची घंटा झाली. दोनदा मरूनही पोरगा बारा मिनिटांत बसला कसा, याचं तिला नवल वाटलं.

“बाबा, पोराचं वाटोळं केलंत तुम्ही,” ती म्हणाली. अठरा वर्षांत सासऱ्यांवर पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता.

“रंगला होता गं,” रमाकांत खाली मान घालून म्हणाले.

इंग्रजीच्या सुहासिनीबाई विंगेतून बाहेर आल्या, त्यांनी रमाकांतांकडे एकटक पाहिलं आणि निघून गेल्या. शालिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाच वाजता पुण्याच्या परीक्षक बाई माईकपाशी आल्या. “मेल्यावर प्रेक्षकांनी उठवलं, तरी हा राजा डगमगला नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही त्यालाच नेतोय.”

शालिनी एकाच वेळी रडली आणि हसली. डोळे पुसून तिने सासऱ्यांकडे मोर्चा वळवला. “देव पावला म्हणून निभावलं, बाबा. पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही.”

“नाही करणार,” ते गरीब गाईसारखे म्हणाले.

एवढ्यात झगा सावरत उत्कर्ष आला. आईला मागे टाकून तो थेट आजोबांच्या पाया पडला आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, “आजोबा, पहिल्यांदा मी अर्धं भाषण खाल्लं, हे तुम्हाला कसं कळलं?”