अठ्ठेचाळीस तास

चहाच्या सुट्टीत किथ कॅन्टीनमध्ये आला तेव्हा शैलानं तेवीस पत्रांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. विमानातल्या जेवणाचे ट्रे भरणाऱ्या, लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या कारखान्यात किथ शिफ्ट मॅनेजर होता. शैला सहा वर्षं ट्रे भरत होती.

पत्रं दोन ओळींची होती. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काम करायला दिलेली संमती मी मागं घेत आहे. खाली सही आणि तारीख, जून २००५.

किथनं वरची चार-पाच चाळली.

"सगळ्या तुमच्याच इंडियन बायका. चालेल. कायद्याप्रमाणे सात दिवसांनी तुमचे जादा तास, म्हणजे सक्तीचे शनिवार, बंद. पोलिश मुली करतील, त्यांना तास हवेच आहेत. मग आठवड्यात तुमच्यासाठी काय उरतं ते बघू."

"मेलो आपण, ताई," शैलाच्या शेजारी ट्रे भरणारी उल्का तिच्या कानाशी पुटपुटली. "तरी सांगत होते, ह्या माणसाच्या नादी लागू नका."

पलीकडच्या टेबलावर एकोणीस पोलिश बायका बसल्या होत्या. वर्षभरात दोन टेबलांमधलं बोलणं गुड मॉर्निंगच्या पुढं गेलं नव्हतं. त्यांच्यातली दानुता उठून आली. शुक्रवारी, शिफ्टच्या बाराव्या तासाला, कापायच्या यंत्रावर तिचा उजवा हात कापला होता, पाच टाके पडले होते.

"युरोपियन युनियनमध्ये जायचं का, यावर आम्ही पोलंडमध्ये मत दिलं," ती शैलाला म्हणाली. "तेव्हा सांगत होते, अठ्ठेचाळीस तासांचा कायदा सगळ्यांना. मग मला इथं साठ कसे?"

"जास्त काम चालेल म्हणून तू सही केलीस. मीही केली. पहिल्या दिवशीच्या कागदांत तो फॉर्म असतो."

"तिथं पेन्सिलनं फुली होती. फुली दिसेल तिथं सही कर, म्हणाले. ती फुली कुणी केली?"

किथच्या ओठांवर हसू आलं.  नव्या बायकांचे कागद लावून द्यायचं काम तिचंच होतं. खरं सांगितलं की पोलिश बायकांची एकोणीस पत्रं मिळायची नाहीत.

"मी," ती म्हणाली. "सगळ्यांच्या फॉर्मवर मीच करते. मला कुणी वाचून दाखवलं नाही, मी कुणाला दाखवलं नाही. चूक माझी आहे."

 दानुतानं खुर्ची ओढली.

"माझा हात चालत नाही. तू लिही. पण ह्या वेळी सहीच्या आधी वाचायचं. मोठ्यानं."

शैलानं लिहिलं, उभी राहिली आणि वाचू लागली. पहिली ओळ जेमतेम दानुतालाच ऐकू गेली. दुसरी ओळ भांडी घासणाऱ्यांपर्यंत पोचली. दानुतानं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली, तेव्हा तिच्यामागं रांग लागली होती.

"अगं, पेनं काढा पेनं!" उल्का टेबलाटेबलातून पळत सुटली.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. एकही बाई जागची हलली नाही.

बेचाळीस पत्रं हातात आल्यावर किथनं ती दोनदा मोजली. एवढ्या बायका नसतील तर शनिवारी ट्रे भरायला त्याच्याकडे जेमतेम सहा माणसं होती, आणि यांचे तास कापून द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तो भिंतीवरच्या पाळ्यांच्या फलकापाशी गेला आणि त्यानं शनिवारच्या रकान्यातली नावं एका रेघेत खोडली.

"ह्या शनिवारपासून ज्यांना हवं त्यांनीच यायचं," तो म्हणाला. "बाकीच्या दिवसांचे तास कुणाचेही कापणार नाही. पण लक्षात ठेवा, युरोपचा हा कायदा फार दिवस टिकायचा नाही."

"तोवरचे शनिवार आमचे," दानुता म्हणाली.

कुणीतरी टेबलावर वाढायचा डाव आपटला. मग सगळ्यांनीच हाताला येईल ते आपटायला सुरुवात केली. त्या गदारोळात उल्कानं दानुताला मिठी मारली आणि तिच्या हाताचे टाके आठवून जीभ चावली.

शैला दाराबाहेर आली. तिनं नवऱ्याला, रवीला, फोन लावला.

"अहो, ह्या शनिवारी मी घरी आहे."



"शनिवारी घरी? काय झालं?" रवीनं घाबरून विचारलं. "डॉक्टरांकडे गेलीस का?"